कोणती खिडकी, किती वाजता: हवेच्या प्रवाहाने घर थंड करण्याची पद्धत

उन्हाळ्यात घरात उकडायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो सगळ्या खिडक्या उघडून टाकण्याचा. हा सल्ला रात्री अकराला उत्तम आणि दुपारी दोनला घातक. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी खिडकी उघडली की हवा खेळते खरी, पण ती बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची असते. सकाळपासून बंद ठेवलेलं घर तोवर पस्तिशीच्या आसपास असतं, म्हणजे आपण हौसेने उष्णता आत ओढून घेतो. कोणती खिडकी कधी उघडायची हे ठरवायला हवेचे अभिसरण प्रवाह समजून घ्यावे लागतात. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. एक उदबत्ती, दोन साधे थर्मामीटर आणि दोन-तीन दिवसांची निरीक्षणं पुरतात.

गरम हवा वर "जात" नाही

गरम हवा वर जाते हे आपण शाळेत शिकलो. वाक्य चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आणि नेमक्या त्या अपुरेपणामुळे घरात पैसे वाया जातात. गरम हवेला स्वतःहून वर जाण्याची ओढ नसते. शेजारची गार हवा तिच्यापेक्षा जड असते, गुरुत्वाकर्षणामुळे ती खाली घुसते आणि गरम हवेला वर ढकलते. जिथे वजनच जाणवत नाही अशा अंतराळयानात मेणबत्तीची ज्योत वर निमुळती होत नाही, गोलसर गोळा होऊन राहते, कारण तिथे खाली घुसणारं कुणी नसतं.

आकडे बघू. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश सेल्सिअसच्या १ घनमीटर कोरड्या हवेचं वजन साधारण १,१८४ ग्रॅम असतं. तीच हवा ३५ अंशांना १,१४६ ग्रॅम भरते. फरक ३८ ग्रॅमचा. वाचायला क्षुल्लक वाटतो, पण दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जवळपास ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीत सुमारे ४० किलो हवा आहे, आणि दहा अंशांच्या फरकाने तिचं वजन सव्वा किलोहून जास्त बदलतं. घराबाहेरचा गार हवेचा स्तंभ आणि घरातला गरम हवेचा स्तंभ ही तराजूची दोन पारडी समजा. जड पारडं खाली जातं आणि हलकं वर उचललं जातं.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी: गरम हवा घालवायची असेल तर आधी गार हवेसाठी खालून वाट करा. लोक वर भोक पाडतात, एक्झॉस्ट बसवतात, छतावर वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर लावतात, आणि खाली दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवतात. मग म्हणतात फरकच पडला नाही. पडणार कसा? खालून आत येणारं काही नसेल तर वरून बाहेर जाणारंही काही नसतं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. गोधडीच्या थरांत किंवा थर्मोकोलच्या बारीक कप्प्यांत अडकलेल्या हवेला फिरायला जागा नसते, म्हणून ती उष्णता अडवते. मोकळ्या खोलीतली तीच हवा फिरायला लागली की उष्णता उचलून नेते. म्हणजे हवा वाहनही आहे आणि भिंतही. कुठे तिला फिरवायचं आणि कुठे जागच्या जागी अडकवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

पायरी १: घरातले प्रवाह डोळ्यांनी बघा

पंखे, कूलर, एसी बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. उदबत्ती पेटवून उघड्या दारात आधी जमिनीलगत, मग कमरेच्या उंचीवर आणि शेवटी चौकटीच्या वरच्या पट्टीजवळ धरा. धुराकडे बघताना एक पथ्य: उदबत्तीच्या टोकाजवळचा धूर स्वतःच गरम असतो, तो वरच चढणार. म्हणून टोकाकडे न बघता थोडं वर, जिथे धूर गार होऊन विस्कटायला लागतो, तिथे तो कुठल्या बाजूला झुकतो ते पाहा. धुराचा त्रास होत असेल तर पातळ कॅरीबॅगची वीतभर लांब पट्टी दोऱ्याला बांधून वापरा. पडद्याजवळ उदबत्ती नेऊ नका, तिथे पट्टीच बरी.

हा प्रयोग सगळ्यात झकास दिसतो तो एसीच्या खोलीच्या दारात. एसी तासभर चालवून बंद करा आणि दार अर्धं उघडा. जमिनीलगत धूर एसीच्या खोलीतून बाहेर सरकतो आणि चौकटीच्या वरच्या पट्टीजवळ तो बाहेरून आत ओढला जातो. मध्ये कुठेतरी अशी उंची सापडते जिथे धूर कुठेच जात नाही. तिला समपातळी म्हणू. तिच्या खाली एक प्रवाह, वर उलटा प्रवाह. पुढचा सगळा खेळ या समपातळीचा आहे.

याच प्रयोगात समजतं की एसीच्या खोलीतली गारवा-गळती मुख्यतः दाराखालच्या फटीतून होते. तिथे रबराची किंवा ब्रशची पट्टी लावणं हा शे-दोनशे रुपयांचा उपाय आहे, आणि माझ्या मते एसीची सर्व्हिसिंग सोडली तर त्याच्याइतका वसूल होणारा दुसरा खर्च नाही.

पायरी २: तापमानाची नोंद ठेवा

दोन सारखे डिजिटल थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही शेजारी ठेवून ते सारखंच दाखवतात ना ते तपासा. अर्ध्या-एक अंशाचा फरक असेल तर लिहून ठेवा. मग एक घरात, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवा आणि दुसरा बाहेर, पूर्ण सावलीत, भिंतीला न टेकवता लटकवा. तापलेल्या भिंतीला चिकटवलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो, हवेचं नाही.

सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दर दोन तासांनी दोन्ही आकडे लिहा. दोन-तीन दिवसांत तुम्हाला दोन वेळा सापडतील: सकाळची वेळ, जेव्हा बाहेरची हवा घरापेक्षा गरम व्हायला लागते, आणि संध्याकाळची किंवा रात्रीची, जेव्हा ती घरापेक्षा गार होते. या दोन वेळा तुमच्या घराच्या आहेत. शेजारच्या इमारतीच्याही वेगळ्या निघतील.

कोणत्या गावात ही पद्धत किती चालेल हेही याच नोंदीतून कळतं. पुण्यात एप्रिलमध्ये दिवस साधारण ३७-३८ अंशांना पोचतो आणि पहाट २०-२२ पर्यंत उतरते. पंधरा-सोळा अंशांची ही दरी म्हणजे घर थंड करायची मोठी संधी. विदर्भात दरी जवळपास तेवढीच असते, पण मे महिन्यात रात्रही २७-२८ च्या खाली फारशी जात नाही, त्यामुळे घर सुसह्य होतं, गार नाही. मुंबईत मे महिन्यातला कमाल-किमान फरक सहा-सात अंशांचाच असतो आणि दमटपणा वेगळा. तिथे तापमानाच्या फरकाने चालणाऱ्या प्रवाहावर फार भिस्त ठेवू नका. त्याबद्दल पुढे येतं.

पायरी ३: खालची वाट आणि वरची वाट ठरवा

तापमानाच्या फरकावर चालणारा प्रवाह किती जोरात वाहील हे तीन गोष्टींवर अवलंबून असतं: आत-बाहेरच्या तापमानातला फरक, खालच्या आणि वरच्या वाटेमधली उंची, आणि वाटांचं क्षेत्रफळ. फरक आणि उंची यांचा परिणाम वर्गमुळाने होतो. उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो. क्षेत्रफळाचा परिणाम मात्र सरळ असतो. दोन्ही वाटा दुप्पट मोठ्या केल्या तर हवाही दुप्पट. एक मोठी आणि एक चिंचोळी असेल तर चिंचोळी वाटच सगळ्या प्रवाहाला लगाम घालते.

दोन घरांचं गणित करून बघू.

पहिलं घर फ्लॅट. खिडकी आणि तिच्या समोरच्या भिंतीतला छताजवळचा व्हेंटिलेटर, दोन्हींच्या मध्यांमधली उंची दीड मीटर. प्रत्येकाची उघडी जागा ०.३ चौरस मीटर. बाहेर घरापेक्षा ३ अंश गार. कडांवर होणारी अडवणूक धरून दर सेकंदाला ०.०७ घनमीटरच्या आसपास हवा बदलते आणि सुमारे २४० वॅट उष्णता बाहेर जाते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे दोन माणसं खोलीत बसली की हिशेब जवळजवळ संपला.

दुसरं घर दुमजली बंगला किंवा रो हाउस. खाली हॉलची खिडकी, वर गच्चीवरचं जिन्याचं दार. मध्ये सहा मीटर उंची. दोन्हीकडे १ चौरस मीटर उघडी जागा आणि ५ अंशांचा फरक. आता सेकंदाला ०.६ घनमीटर हवा वाहते आणि ३.४ किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. एक टनाच्या एसीची क्षमता ३.५ किलोवॅट असते. म्हणजे विजेचा एक युनिट न जाळता जवळपास एक टन! मच्छरजाळीमुळे प्रवाह बराच घटतो, सोयीसाठी निम्मा धरा. तरी अर्धा टन हातात राहतो.

म्हणून दुमजली घर असेल तर जिना हेच तुमचं सगळ्यात मोठं यंत्र आहे. गच्चीचं दार रात्री उघडं ठेवायला लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. उपाय म्हणजे तिथे कुलूप लागणारं लोखंडी जाळीचं दार बसवणं. चोर, मांजर, माकड या तिघांचाही बंदोबस्त होतो. नवं घर बांधत असाल तर जिन्याच्या खोलीला छताखाली दोन बाजूंना लूव्हर्सच्या, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या, खिडक्या सोडायला मिस्त्रीला आत्ताच सांगा. नंतर भिंत फोडणं जिवावर येतं.

आता समपातळीकडे परत या. ती नेहमी मोठ्या वाटेच्या बाजूला सरकते. गच्चीचं दार अरुंद उघडलं आणि खालच्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर समपातळी खाली येते आणि वरच्या मजल्यावरची बेडरूमही बाहेर जाणाऱ्या प्रवाहाच्या पट्ट्यात सापडते. मग खालच्या मजल्यावरून तापून आलेली हवा जिन्यातून बेडरूममध्ये शिरते आणि बेडरूमच्या खिडकीतून बाहेर पडते. वर झोपणारे घामाघूम होतात आणि दोष स्लॅबला देतात. गच्चीची वाट खालच्या वाटांपेक्षा मोठी ठेवली की समपातळी वर चढते आणि बेडरूमच्या खिडकीतून बाहेरची गार हवा थेट आत येते. रात्री बेडरूमच्या खिडकीत कॅरीबॅगची पट्टी लटकवा. ती आत झुकली पाहिजे. बाहेर झुकत असेल तर खालच्या एक-दोन खिडक्या बंद करत जा.

फ्लॅटमध्ये एवढी उंची मिळत नाही. तिथे निदान दोन गोष्टी करता येतात. दारांवरचे व्हेंटिलेटर माळ्यावरच्या सामानाने बुजले असतील तर मोकळे करा. जुन्या चाळींत आणि बैठ्या घरांत दारावर उघडणारी तावदानं असायची, ती शोभेसाठी नव्हती. आणि खिडक्या बदलणार असाल तर स्लायडिंग घेण्याआधी विचार करा: तीत एका वेळी निम्मीच जागा उघडते. बाहेर उघडणारी पूर्ण तावदानाची खिडकी जवळपास सगळी उघडते. बिल्डरला स्लायडिंग स्वस्त पडते, तुम्हाला नाही.

पायरी ४: वारा असेल तर वाऱ्याचं ऐका

तीन मीटर उंची आणि पाच अंशांच्या फरकाने मिळणारा दाब फार थोडा असतो, ०.६ पास्कलच्या (दाब मोजायचं एकक) आसपास. सेकंदाला दोन मीटर वेगाची साधी झुळूक याच्या चौपट दाब देते. म्हणजे वारा वाहत असताना उंचीची गणितं बाजूला ठेवायची. वाऱ्याकडची खिडकी आणि तिच्या समोरची, वाऱ्याआडची खिडकी उघडायची, मधली दारं दगड लावून उघडी ठेवायची. अभिसरणाचा खरा उपयोग पडलेल्या वाऱ्याच्या रात्री होतो.

किनाऱ्यावर तर वारा हाच अभिसरणाचा मोठा अवतार असतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होते आणि समुद्रावरची गार, जड हवा तिच्याखाली घुसते. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते आणि मतलई वारे उलटे वाहतात. मार्चमध्ये मुंबईत ज्या दिवशी खारे वारे उशिरा सुरू होतात त्या दिवशी पारा अचानक चढतो, ही बातमी दरवर्षी वाचायला मिळते. मुंबई, रत्नागिरी, पणजीत राहणाऱ्यांनी दुपारनंतर पश्चिमेची खिडकी उघडी ठेवायची, पण उन्हाला बाहेरून आडोसा करून. तिथे नागपूरचा नियम जसाच्या तसा लावला तर घर उगाच कोंदट होईल.

पायरी ५: रात्रभर घर निववा

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तास-अर्धा तास खिडक्या उघडतात, हवा गार वाटते, मग डास येतात म्हणून बंद करतात, आणि वीस मिनिटांत खोली पुन्हा तापते. कारण उष्णता हवेत नसतेच. ती स्लॅबमध्ये आणि भिंतींमध्ये असते.

आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा एका अंशाने गार करायला ४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्याच खोलीवरचा पाच इंची काँक्रीटचा स्लॅब एका अंशाने निववायचा तर सुमारे २,९०० किलोज्यूल काढावे लागतात. सत्तर पटीहून जास्त, आणि भिंती अजून धरल्याच नाहीत. हवा मिनिटांत बदलते, घर निवायला रात्र लागते. म्हणून बाहेरचं तापमान घरापेक्षा कमी झालं की वाटा उघडायच्या आणि सकाळच्या तुमच्या नोंदीतल्या वेळेपर्यंत उघड्या ठेवायच्या. डासांसाठी खिडकीला जाळी लावण्यापेक्षा पलंगाला मच्छरदाणी लावा. प्रवाह अडत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणखी एक पेच असतो. स्लॅब वरून तापतो आणि त्याच्या खालच्या पृष्ठभागाला टेकलेली हवाही तापते. पण ती आधीच सगळ्यात वर आहे, हलकी आहे, तिला कुणी ढकलायचं कारणच उरत नाही. छताखाली गरम हवेचा थर चिकटून बसतो आणि जागचा हलत नाही. स्टुलावर उभं राहून हात वर केला तर डोक्यावरच्या हवेतला फरक सहज जाणवतो. या स्थितीत स्लॅबची उष्णता आपल्यापर्यंत हवेच्या प्रवाहाने येतच नाही, प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी थेट अंगावर, येते. म्हणून अंगावर वारा असूनही कपाळ भाजल्यासारखं होतं.

यावर रात्री आणि दिवसा वेगवेगळे उपाय. रात्री बाहेरची हवा गार असताना सीलिंग फॅन चालू ठेवायचा, तोही वाटा उघड्या असताना. तो छताचा थर मोडतो, गार हवा स्लॅबच्या पोटाशी नेतो आणि तिथली उष्णता खरवडून काढतो. दिवसा रिकाम्या, बंद खोलीत पंखा चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. पंखा हवा गार करत नाही, फक्त अंगावरचा घाम वाळवतो. माणूस नसेल तर तो छताखालची गरम हवा खाली आणून मिसळतो आणि मोटारीची उष्णता वर घालतो. गच्चीवर मात्र चुना किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग मारावा. तो ऊन परतवतो, म्हणजे मुळावर घाव. गच्चीवरच्या जुन्या ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या थराला) भेगा असतील तर आधी त्या भरून घ्या.

वारा अगदीच पडला असेल तर वरच्या वाटेला पंख्याची मदत द्या. टेबलफॅन उंचावर, तोंड बाहेर करून ठेवा आणि लांबच्या खोलीची खिडकी उघडा. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी राहिली तर हवा तिथल्या तिथे गिरक्या घेते आणि बाकी घर तसंच राहतं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचंही असंच. फोडणी देताना एक्झॉस्टखालची खिडकी बंद आणि हॉलकडची वाट उघडी, तर धूर ओट्यावरून सरळ बाहेर जातो.

पायरी ६: सकाळी उलटा प्रवाह रोखा

बाहेरचा आकडा आतल्या आकड्याला गाठतो त्या क्षणी तराजू उलटतो. आता घरातली हवा गार आणि जड आहे. ती दाराखालच्या फटींतून, खालच्या खिडक्यांतून बाहेर सांडते आणि तिची जागा भरायला वरच्या वाटेने गरम हवा खाली ओढली जाते. रात्रभर ज्या गच्चीच्या दाराने घर निववलं तेच दार दिवसा उघडं राहिलं तर घर तापवतं. म्हणून बंद करताना वरून सुरुवात करा: आधी गच्चीचं दार, मग वरच्या खिडक्या, शेवटी खालच्या.

ऊन येणाऱ्या खिडकीला आतून पडदा लावला की काम झालं असं वाटतं. पण ऊन काचेतून आत येऊन पडद्याला तापवतं, काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, पडद्याच्या वरून खोलीत सांडते आणि खालून गार हवा आत खेचते. दुपारी पडद्याच्या वरच्या कडेशी कॅरीबॅगची पट्टी धरा, ती फडफडताना दिसेल. आडोसा बाहेरून हवा: चिकाची चटई, वाळ्याचा पडदा, शेडनेट, वेल, काहीही. बाहेर शक्यच नसेल तर पडद्याची वरची बाजू आडव्या पट्टीने झाका आणि खालची कड जमिनीला टेकवा, म्हणजे ती हवा अडकून पडेल.

पत्र्याची आणि कौलारू घरं

कौलारू घरात हवेची वाट आपोआप असते. वळचणीखालून गार हवा शिरते, कौलांच्या फटींतून गरम हवा निसटते. अशा घरावरची कौलं काढून पत्रा टाकला की गळती थांबते, देखभाल कमी होते, आणि घराचा श्वासही बंद होतो. पत्रा पातळ असल्याने उन्हाबरोबर लगेच तापतो. त्याच्या फायद्याची बाजू अशी की तो रात्री तितक्याच लवकर निवतो.

पत्र्याखाली छत करायचं असेल तर ते पत्र्याला चिकटवून ठोकू नका. निदान वीतभर पोकळी सोडा आणि ती दोन्हीकडे उघडी ठेवा: वळचणीशी जाळी लावलेली फट आणि आढ्यापाशी सलग मोकळी वाट, तिच्यावर पावसासाठी टोपी. पत्रा तापला की पोकळीतली हवा उतारावरून चढत आढ्यातून बाहेर जाते आणि वळचणीतून नवी आत येते. इथे दिवसाही प्रवाह चालू हवा, कारण ही हवा माणसांच्या खोलीतली नाही. पोकळीची टोकं बंद असतील तर छत तापून खाली आच मारत राहतं. गोदामावर दिसणारा टर्बो व्हेंटिलेटर वाऱ्याने आणि गरम हवेच्या रेट्याने फिरतो. तो चांगला आहे, पण त्याला लागणारी हवा खालून आत यायला तितकीच जागा ठेवली असेल तरच.

कूलर, फ्रीज आणि डक्टचा वास

कूलरवाल्यांनी वरची सगळी बंद-खिडकी शिस्त विसरावी. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीचा हमाम होतो. कूलर खिडकीत बाहेरून, आणि समोरच्या बाजूची खिडकी चार-सहा बोटं उघडी.

फ्रीजची उष्णता मागच्या जाळीतून किंवा नव्या फ्रीजच्या बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. बाजू गरम लागणं हा बिघाड नाही. तिथली हवा वर चढायला जागा मिळावी म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं अंतर सोडा आणि फ्रीजवर पुठ्ठे, पिशव्या रचू नका.

सोसायटीत राहणाऱ्यांची कायमची तक्रार: दुसऱ्या मजल्यावर बोंबील तळले की सातव्या मजल्याच्या बाथरूममध्ये वास. डक्ट, म्हणजे बाथरूमच्या मागची पाइपांसाठीची उभी पोकळी, हे उंच धुराडंच असतं. रात्री त्याच्यातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, ती वर सरकते आणि समपातळीच्या वरच्या मजल्यांवर मिळेल त्या फटीतून आत घुसते. शेजाऱ्यांशी भांडण्याआधी एक्झॉस्टच्या बाहेर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा आणि डक्टच्या माथ्यावरचा पत्रा कुणी पावसासाठी पूर्ण बंद केलाय का ते सेक्रेटरींना बघायला लावा. पंचाण्णव टक्के वेळा उत्तर तिथे असतं असं नाही म्हणणार, पण पहिल्यांदा तिथेच बघावं.

गॅस गळतीला हा नियम वेगळा लागतो

खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा बराच जड असतो. तो गळला तर वर जात नाही, ओट्याखाली, ट्रॉलीत, जमिनीलगत साचतो. वरचा व्हेंटिलेटर त्याच्यापुढे निकामी ठरतो, दार आणि जमिनीलगतची जाळी कामाची. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, छताखाली साचतो. त्याला वरची वाट लागते. सिलिंडरवरून पाइपगॅसवर गेलेल्या घरांनी छताजवळचा व्हेंटिलेटर काच लावून बंद केला असेल तर तो आधी उघडावा.

वास आला की बटणं चालू-बंद करायची नाहीत, एक्झॉस्टसुद्धा नाही. ठिणगी तिथेच पडते. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करायचा, दारं-खिडक्या हाताने उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊन करायचा. एलपीजी गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. पाइपगॅसचा आणीबाणीचा क्रमांक तुमच्या बिलावर छापलेला असतो, तो आजच दारामागे लिहून लावा.